दोन मोटारी, एक पाऊल



मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. यंत्रांविषयी जे थोडे कळते, ते कामगारांच्या संगतीत आणि रात्रीच्या वाचनात मिळालेले. तेव्हा आपण माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये.

आमच्या संघटनेतील एका कटिंग मास्तरची कंबर वीस वर्षे वाकून कापड कापता कापता गेली. त्याच्या मुलाने घरीच वरखाली होणारे टेबल तयार केले. दोन पायांत दोन मोटारी, दोन्ही एकाच बटणावर. पहिल्याच दिवशी डावा पाय पुढे गेला, फळी कलली आणि इस्त्री घसरून बापाच्या पायावर पडली. मुलगा मला म्हणाला, "काका, दोन्ही मोटारी एकाच मापाच्या. मग असे का व्हावे?"

कारण साधे आहे. वीज सारखी दिली म्हणून चाल सारखी मिळत नाही. कापडाचे गठ्ठे ज्या बाजूला, तिकडची मोटार मंदावते. एखाद्या स्क्रूला वंगण कमी पडते. प्रत्येक फेऱ्यातला हा किंचित फरक साठत जातो.

यावर उपाय असा की, आपण किती चढलो याची खबर प्रत्येक पायाने द्यावी. त्यासाठी स्क्रूबरोबर फिरणारे लोहचुंबक आणि शेजारी हॉल संवेदक बसवतात. वीज वाहणाऱ्या पट्टीत चुंबकामुळे आडवा विद्युतदाब उत्पन्न होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवले. चुंबक समोरून गेला की संवेदक एक ठोका देतो. समजा, एका फेऱ्यात पाय ४ मिलिमीटर चढतो आणि ४ ठोके पडतात. म्हणजे एक ठोका १ मिलिमीटरचा. डावीकडे १०२ आणि उजवीकडे १०० ठोके झाले, की नियंत्रक डावीची वीज कमी करतो. मागची मोटार आपल्या पुऱ्या ताकदीने चाललेलीच असते. तिला आणखी रेटता येत नाही. म्हणून पुढचीनेच सबुरी धरायची.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. ठोके मोजणाऱ्याला शून्य कोठे ते ठाऊक नसते. आरंभी दोन्ही पाय तळाच्या खटक्यापर्यंत नेऊन तेथून मोजणी सुरू करावी. आणि वीज चालू असूनही ठोका येत नसेल, किंवा अंतर ५ ठोक्यांवर गेले, तर दोन्ही मोटारी तत्काळ बंद पडाव्यात.

मुलाने तसे केले. आज ते टेबल समतल चढते आणि बाप ताठ उभा राहून कापड कापतो. मोर्चातही मी हेच पाहत आलो आहे: रांगेची चाल मागचा ठरवतो, फक्त त्याची खबर पुढच्यापर्यंत पोचली पाहिजे.