बाळाच्या बाटलीतले गणित

गाईच्या दुधात सुमारे साडेतीन टक्के प्रथिने असतात, आईच्या दुधात जेमतेम 1 टक्का. शर्करेचे उलट आहे. आईच्या दुधात ती 7 टक्के, तर गाईच्या दुधात पावणेपाच टक्क्यांच्या आसपास असते. स्निग्धांश दोन्हींत जवळजवळ सारखा, 4 टक्क्यांच्या घरात. आईचे दूध न मिळणाऱ्या बाळाला गाईचे दूध मानवेल असे कसे करायचे, या प्रश्नापायी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोष्टकांचे एक शास्त्रच उभे केले. त्याचा सर्वाधिक विस्तार अमेरिकेत झाला.

दोन दुधांतील प्रथिनांचा फरक जर्मन वैद्य फिलिप बीडर्ट यांनी 1869 च्या सुमारास मांडला होता. गाईच्या दुधातील केसीन या प्रथिनाची बाळाच्या पोटात घट्ट गाठ होते, म्हणून दूध पातळ करावे, असे त्यातून ठरले. पण निम्मे पाणी घातले की प्रथिने पावणेदोन टक्क्यांवर येतात आणि त्याबरोबर स्निग्धांश 2 व शर्करा अडीच टक्क्यांपेक्षाही खाली जाते. दूध पचायला हलके होते खरे, पण बाळ उपाशी राहते. ही तूट भरून काढायला वरून मलई आणि दुग्धशर्करा घालावी लागे, तर आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळी.

हार्वर्डचे बालरोगतज्ज्ञ थॉमस मॉर्गन रॉच यांनी या मिश्रणाला काटेकोर रूप दिले. त्यांच्या पद्धतीत डॉक्टर दुधाची चिठ्ठी औषधासारखी लिहून देत. मेद 3, शर्करा 6, प्रथिने 1 असे टक्के, शिवाय चुन्याच्या निवळीचे प्रमाण, एका वेळचे माप आणि दिवसातल्या पाजण्यांची संख्या त्यात असे. 1891 मध्ये बॉस्टनला सुरू झालेल्या वॉकर-गॉर्डन प्रयोगशाळेत त्या चिठ्ठीबरहुकूम बाटल्या भरून मिळत. टक्क्याच्या दहाव्या भागाचा फरकही बाळाच्या पचनाला जाणवतो, असे रॉच यांचे मत होते. या मताला आधार नव्हता. गाईगणिक आणि दिवसागणिक दुधाचा कस याहून जास्त बदलतो.

प्रयोगशाळेचे दूध श्रीमंतांनाच परवडे. घरी मिश्रण करणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कच्या एमेट होल्ट यांचे 1894 चे प्रश्नोत्तररूपी पुस्तक होते. मूळ मुले सांभाळणाऱ्या दायांच्या प्रशिक्षणासाठी तयार केलेले हे पुस्तक पुढे कित्येक दशके आयांच्या हाती राहिले. त्यातली ‘वरच्या दुधा’ची रीत अशी: दुधाची बाटली काही तास थंड जागी स्थिर ठेवायची, म्हणजे मलई वर येते. मग वरचे ठरावीक औंस दूध काढून घ्यायचे. ते ढवळले जाऊ नये म्हणून हेन्री चेपिन यांनी बनवलेला लांब दांड्याचा एक औंसाचा डाव बाटलीत अलगद उतरवायचा. किती औंस काढले त्यावर मेदाचे प्रमाण ठरे. रात्री दूध विरजायला ठेवणाऱ्या घराला साय काढणे नवे नाही, पण इथे एक डाव जास्त पडला की पूर्ण दिवसाचा हिशेब चुके.

युरोपात हिशेब सोपा होत होता. पॅरिसचे पियेर बुदँ बाळाच्या वजनावरून दुधाचे माप ठरवत. बर्लिनचे ओटो होइब्नर आणि माक्स रुब्नर यांनी उष्मांक मोजले. पहिल्या महिन्यांत वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 100 कॅलरी, हा त्यांचा आकडा आजही ढोबळमानाने टिकून आहे.

टक्क्यांच्या वादात बाळे मात्र मरत होती ती घाण दुधाने. उन्हाळी जुलाबांची साथ दरवर्षी शहरांत असंख्य तान्ही मुले नेई. दूध तापवून देणे सुरू झाले तसे जुलाब घटले, पण दुसरे दुखणे पुढे आले. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते, आणि 1898 मध्ये अमेरिकन पीडियाट्रिक सोसायटीने त्याच्या अभावी बाळांना होणाऱ्या स्कर्व्हीच्या 379 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे संत्र्याचा रस आणि मुडदुसावर कॉड लिव्हर ऑइल ही जोड पाजण्याच्या वेळापत्रकात आली. या दोन चमच्यांनी जे साधले ते टक्क्यांच्या कोष्टकांना साधले नव्हते.

1929 मध्ये सेंट लुइसच्या मॅकिम मॅरियट यांनी साखर न घातलेले, आटवून डबाबंद केलेले दूध बाळांना मानवते असे दाखवले. ते निर्जंतुक आणि स्वस्त असे, शिवाय त्याची गाठ मऊ होई. मग इस्पितळातून घरी जाणाऱ्या आईच्या हाती ठरलेली चिठ्ठी पडू लागली: 13 औंसांचा एक डबा, 19 औंस उकळलेले पाणी, 2 मोठे चमचे मक्याचे सिरप. 32 औंसांच्या या मिश्रणात औंसाला सुमारे 20 कॅलरी बसतात, जवळजवळ आईच्या दुधाइतक्या. म्हणजे 5 किलोच्या बाळाला दिवसाला 25 औंस, अर्थात पाऊण लिटर.

याच काळात कंपन्यांनीही डॉक्टरांना हाताशी धरले. मीड जॉन्सन कंपनीच्या ‘डेक्स्ट्री-माल्टोज’ या दुधात घालायच्या शर्करेच्या डब्यावर वापराच्या सूचनाच नसत. त्या डॉक्टरांकडूनच घ्याव्या लागत. आईने दर वेळी डॉक्टरांकडे यावे आणि डॉक्टरांनी तोच डबा लिहावा, अशी ही व्यवस्था दोघांच्या सोयीची होती. आईला दूध कसे येईल, ते कसे टिकेल, याला त्या व्यवस्थेत जागा फारच थोडी होती.

1960 च्या दशकात बाजारातल्या तयार बाळदुधाने या चिठ्ठ्या मागे टाकल्या. 1980 मध्ये अमेरिकेने कायद्याने बाळदुधातील पोषकद्रव्यांची मर्यादा ठरवली. भारतात 1992 च्या कायद्याने बाळदुधाच्या जाहिरातीवर बंदी आली.

जुन्या चिठ्ठ्यांतले मिश्रण आज कुणीही करून पाहू नये. त्यात लोह अपुरे असते आणि गाईचे दूध एक वर्षाखालील बाळाचे मुख्य अन्न नव्हे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. ते शक्य नसेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून, डब्यातल्याच मापाने आणि सांगितले तेवढ्याच पाण्यात पावडर कालवावी. पावडर पुरवून वापरण्यासाठी पाणी वाढवणे बाळाला उपाशी ठेवण्यासारखेच आहे.