सामायिक घराचा कारभारी

मुंबई-पुण्याच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची गळू लागली की वरच्या किंवा खालच्या मजल्यावरील सचिवाकडे दाद मागावयाची, आणि कारभार बिघडला की सर्वसाधारण सभेत समिती बदलावयाची, या वहिवाटीत वाढलेले मराठी कुटुंब लंडन, स्लाउ किंवा रेडिंग येथे सदनिका घेते, तेव्हा त्याच्या हाती बहुधा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, म्हणजे लीजहोल्ड, तेवढा येतो; इमारतीची मालकी फ्रीहोल्डरकडे राहते, देखभाल त्याने नेमलेला मॅनेजिंग एजंट पाहतो, आणि खर्च मात्र सर्व्हिस चार्जच्या रूपाने रहिवाशांनी भरावयाचा असतो. ज्यांच्या पैशावर कारभार चालतो त्यांनाच कारभारी निवडता येऊ नये, ही या व्यवस्थेतील मूळची विसंगती होय.

तीवर सनदशीर उपाय २००२ च्या ‘कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म ॲक्ट’ने दिला. निदान निम्म्या सदनिकांचे पट्टेदार एका कंपनीचे सभासद झाले, की फ्रीहोल्डरचा दोष सिद्ध न करता आणि मालकी विकत न घेता त्यांना व्यवस्थापनाचा अधिकार, ‘राइट टु मॅनेज’, मागता येतो. ज्या इमारतींत दुकाने किंवा कचेऱ्या आहेत त्यांच्यासाठी पूर्वी अशा जागेची मर्यादा पंचवीस टक्के होती. ३ मार्च २०२५ पासून ती पन्नास टक्के झाल्याने हा मार्ग अधिक रुंद झाला आहे.

परंतु अधिकाराबरोबर नवा मॅनेजिंग एजंट पारखून नेमण्याचे, म्हणजे परीक्षकाचे, कामही रहिवाशांवर येऊन पडते. स्कॉटलंडात या कारभाऱ्याला ‘फॅक्टर’ म्हणतात आणि २०११ च्या कायद्यानुसार त्याला सरकारी नोंदवहीत नाव दाखल करून आचारसंहिता पाळावी लागते. इंग्लंडात मात्र या व्यवसायासाठी सरकारी परवाना लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून लागू असलेली तक्रारनिवारण योजनेच्या सभासदत्वाची सक्ती काम बिघडल्यानंतरच उपयोगी पडते.

म्हणून पहिली तपासणी जमाखर्चाची. १९८७ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार सर्व्हिस चार्जची रक्कम विश्वस्तनिधी म्हणून सांभाळावी लागते. ती इमारतीच्या स्वतंत्र खात्यात राहील काय, गंगाजळी वेगळी दाखविली जाईल काय, विम्याच्या हप्त्यावर एजंटाला दलाली मिळते काय, आणि ज्या कंत्राटदारांना तो कामे देतो त्यांच्यात त्याचे हितसंबंध गुंतले आहेत काय, हे लेखी विचारावे. मेहनताना ठराविक रकमेचा असावा, एकूण खर्चाच्या टक्केवारीचा नव्हे. कारण ज्याची मिळकत खर्चाबरोबर वाढते, त्याच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

दुसरी तपासणी माणसाची. कंपनी कितीही नामांकित असली तरी आपल्या वाट्याला तिचा एक व्यवस्थापक येतो. त्याच्या माथी आधीच किती इमारती आहेत आणि तो प्रत्यक्ष पाहणीस केव्हा येतो, यावर आपल्या जिन्यातील दिव्यापासून छपरापर्यंत सारे अवलंबून असते. १४ जून २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीने ७२ माणसांचे प्राण घेतल्यानंतर ही पाहणी जीविताच्या रक्षणाचा भाग ठरली असून, आता ११ मीटरहून उंच निवासी इमारतीतील सामायिक अग्निरोधक दारे दर तीन महिन्यांनी तपासावी लागतात. म्हणून या व्यवस्थापकाच्या सध्याच्या दोन इमारती आपण स्वतः पाहाव्या आणि तेथील रहिवाशांशी बोलावे. निविदेतील आकड्यांपेक्षा त्यांची साक्ष अधिक मोलाची असते.

तिसरी तपासणी करारनाम्याची. बारा महिन्यांहून अधिक मुदतीच्या कराराचा भार कोणाही पट्टेदारावर वर्षाला १०० पौंडांहून अधिक पडणार असेल, तर १९८५ च्या कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे सर्वांशी विधिवत सल्लामसलत करावी लागते. म्हणून पुष्कळ करार वर्षाला एक दिवस कमी अशा मुदतीचे असतात, आणि नव्या एजंटाच्या बाबतीत ही आखूड मुदत हितावहच आहे. करार संपताच हिशेब, शिल्लक, विमापत्रे आणि अग्निसुरक्षेचे अहवाल किती दिवसांत स्वाधीन होतील, हे नेमणुकीच्या वेळीच लिहून घ्यावे.

एवढे केले तरी एक गोष्ट विसरता कामा नये: एजंट नेमल्याने काम हलके होते, उत्तरदायित्व हलत नाही, कायद्यापुढे उभी राहावयाची ती रहिवाशांची कंपनी आणि तिचे संचालक. म्हणून दरवर्षी हिशेबाची पाने उलटणारे आणि सभेत प्रश्न विचारणारे चार रहिवासी ज्या इमारतीत असतील, तिलाच चांगला कारभारी मिळेल आणि मिळालेला चांगला राहील.