तेरची तरंगती वीट

जड वस्तू बुडते, हलकी तरंगते, असे मुले पाठ म्हणतात. परंतु चिमुकला खडा बुडतो आणि तेर येथे सापडलेली प्राचीन वीट पाण्यावर तरंगते. मातीत मिसळलेले तूस भट्टीत जळून गेल्याने तिच्यात असंख्य पोकळ्या राहिल्या. म्हणून आकारमानाच्या मानाने तिचे वजन कमी आहे. वस्तू जितके पाणी बाजूस सारते, तितक्या पाण्याच्या वजनाइतक्या बलाने स्थिर पाणी तिला वर उचलते. आपल्या वजनाइतके पाणी सारले गेले की वीट तरंगू लागते. पूर्ण बुडूनही खड्यास तेवढे पाणी सारता येत नाही. शिक्षकांनी एकच तांब्या प्रथम रिकामा, नंतर पाण्याने भरून बादलीत सोडावा. कारण मुलांनीच शोधावे; नियम त्यानंतर सांगावा.