दिवस भरण्याआधी

पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात दोन किलोपेक्षा कमी वजनाची जी बाळं जगून घरी गेली, त्यांचा माग तिथल्या डॉक्टरांनी सोडला नाही. इतकं लहान बाळ वाचलं, आईच्या कुशीत घरी गेलं की रुग्णालयाचं काम संपलं, अशी त्या काळची सर्वसाधारण रीत होती. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ही मुलं चालायला लागली तेव्हा, शाळेत गेली तेव्हा, बारा वर्षांची झाली तेव्हा आणि अखेरीस अठरा वर्षांची झाल्यावरही तपासली. सोबत अडीच किलोच्या वर जन्मलेल्या मुलांचा एक गट तुलनेसाठी ठेवला. ‘पुणे लो बर्थ वेट स्टडी’ या नावाने हे काम वैद्यकीय जगात ओळखलं जातं. पुण्याने प्रसूतिसंशोधनाला दिलेल्या देणग्यांमध्ये मी हिला फार वरचं स्थान देतो.

या अभ्यासातली पहिली शहाणपणाची गोष्ट म्हणजे मुलांची विभागणी. काही बाळं दिवस भरण्याआधी जन्मली होती, पण त्या दिवसांच्या मानाने त्यांचं वजन ठीक होतं. काहींचे दिवस पूर्ण भरले होते, तरी पोटात वाढच नीट झाली नव्हती. आणि काहींच्या वाट्याला दोन्ही आलं होतं: दिवसही अपुरे, वाढही खुंटलेली. वजनकाट्यावर तिघंही दीड-पावणेदोन किलोची दिसतील, पण त्यांची पुढची वाट वेगळी असते. बाराव्या वर्षी कमी वजनाच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ९० च्या आसपास होता, तुलनेच्या गटातल्या मुलांचा ९७. दोन्ही आकडे सर्वसाधारण मर्यादेत बसणारे. मात्र दिवस अपुरे आणि वाढही खुंटलेली, ही मुलं सगळ्यांत मागे, ८५ च्या घरात होती. लिहिणं आणि गणित या दोन ठिकाणी अडचणी ठळक दिसल्या. डोळ्यांनी पाहिलेलं हाताने कागदावर उतरवणं त्यांना जड जात होतं. आपल्या शाळांमध्ये ‘अक्षर गचाळ, लक्ष नाही’ असा शेरा मिळालेली किती मुलं खरं तर अपुऱ्या दिवसांची होती, हे कोणी कधी विचारलं असेल असं वाटत नाही.

याच मुलांवरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: आईचं शिक्षण आणि घरातलं वातावरण यांचा मुलाच्या बुद्धीशी जवळचा संबंध आहे. जन्मावेळची उणीव पुढे भरून निघण्याला जागा आहे, असा याचा अर्थ. मात्र त्यासाठी बाळ घरी गेल्यावरही कोणीतरी त्याच्याकडे पाहत राहावं लागतं.

३७ आठवडे पुरे होण्याआधी झालेला जन्म म्हणजे मुदतपूर्व जन्म. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यांतली जवळजवळ ३० लाख भारतात, म्हणजे कुठल्याही देशापेक्षा जास्त. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचं जगातलं सर्वांत मोठं कारण आज हेच आहे. ‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं नाही’ असं आपल्याकडे अजूनही बोललं जातं. वस्तुस्थिती अगदी उलट आहे: पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि डोळ्यांना बळ देतो.

डोळ्यांची गोष्ट पुण्यात वेगळी सांगावी लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. काचेच्या पेटीत प्राणवायू जास्त किंवा अनियमित मिळाला तर त्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा सुटतो आणि मूल कायमचं आंधळं होतं. वेळेत लेझर केलं तर दृष्टी वाचते, पण त्यासाठी हाताशी थोडेच दिवस असतात. हडपसरजवळच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉ. सुचेता कुलकर्णी यांनी या आजारासाठी बाळांची तपासणी थेट नवजात विभागांपर्यंत नेण्याचं काम केलं. अमेरिकेत मुख्यतः दीड किलोच्या आतल्या बाळांचे डोळे तपासतात. आपल्याकडे त्याहून जड बाळांनाही हा आजार होतो, म्हणून इथली मर्यादा दोन किलो किंवा ३४ आठवडे अशी ठेवली आहे आणि पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. बाहेरचा आकडा जसाच्या तसा उचलला असता तर आपली कितीतरी मुलं त्या चाळणीतून निसटली असती.

बाळ वाचवण्याच्या बाजूला महाराष्ट्राचं काम मोठं आहे आणि बरंचसं परिचितही. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्यामागे हे काम आहे.

पण बाळाची फुप्फुसं जन्माआधीच तयार करता येतील का? न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ साली दाखवलं की लवकर कळा आलेल्या स्त्रीला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाचा श्वास सुधारतो. श्रीमंत देशांत ते रूढ झालं. मग तेच गावोगावी द्यावं म्हणून सहा देशांत मोठी चाचणी झाली. बेळगाव आणि नागपूर ही त्यातली भारतातली केंद्रं. २०१५ मध्ये आलेल्या निकालाने सगळे हादरले: एकूण नवजात मृत्यू कमी होण्याऐवजी किंचित वाढले होते. अनेक स्त्रियांचे दिवस नक्की किती भरलेत हे ठाऊक नव्हतं आणि ज्यांना गरज नव्हती अशांनाही इंजेक्शन मिळालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे दुसरी चाचणी घेतली. त्यात सोनोग्राफीने दिवस नीट मोजले आणि बाळाची चांगली सोय असलेल्या रुग्णालयांतच इंजेक्शन दिलं. तेव्हा, २०२० साली, नवजात मृत्यू १६ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. औषध तेच होतं. फरक पडला तो दिवस मोजण्याने आणि सोयीने. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा, असं जे सरसकट बोललं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. पुढच्या सगळ्या निर्णयांचा हिशोब त्या एका तारखेवर चालतो.

संशोधन असं हळूहळू मागे सरकत गेलं: काचेच्या पेटीकडून कळांकडे, कळांकडून गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांकडे. धनकवडीच्या भारती विद्यापीठातल्या ‘इर्शा’ या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांचा गट बरीच वर्षं वारेचा अभ्यास करतो आहे. वार नीट रुजली नाही तर आईचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, झटके येऊ शकतात. याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. मुदतीआधी बाळ बाहेर काढावं लागण्याचं हे मोठं कारण. अशा मातांच्या रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल जास्त आणि डीएचए हे मेदाम्ल कमी असल्याचं या गटाला आढळलं. पण लवकर प्रसूत झालेल्या मातांमध्ये फोलेट आणि बी-१२ कमी असेल अशी अपेक्षा असताना फोलेट कमी निघालं, पण बी-१२ जास्तच निघालं आणि होमोसिस्टीनही जास्त. बी-१२ शरीरात आहे, पण ते ज्या चक्रात वापरलं जातं ते कुठेतरी अडलं आहे, असं हे चित्र. असे अपेक्षेला छेद देणारे निकाल छापणाऱ्या संशोधकांबद्दल मला आदर वाटतो.

प्रीएक्लॅम्प्सियाविरुद्ध एक स्वस्त गोळी मात्र हाती लागली आहे. पहिलटकरणींना सहाव्या आठवड्यापासून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन देण्याची चाचणी सहा देशांतल्या सुमारे बारा हजार स्त्रियांवर झाली. बेळगाव आणि नागपूर त्यातही होते. मुदतपूर्व जन्म १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. आकडा छोटा दिसतो, पण भारतातल्या जन्मांच्या संख्येने गुणून पाहावा. (ही गोळी मनाने घेण्याची नव्हे. कोणाला द्यायची, कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतात.)

गरोदरपणात औषध दिलं की ते चांगलंच, असंही नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना क्षय होऊ नये म्हणून गरोदरपणातच आयसोनियाझिड द्यावं की बाळंतपणानंतर, हे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्याच्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग होता. २०१९ चा निकाल: गरोदरपणात औषध घेतलेल्यांपैकी २३.६ टक्के स्त्रियांच्या बाबतीत गर्भ वा बाळाला काही ना काही इजा, नंतर घेतलेल्यांमध्ये १७ टक्के. ‘गर्भवतींवर चाचण्या नकोत’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. चाचणी झाली नसती तर औषध दिलंच गेलं असतं आणि दोष नशिबाला लागला असता.

आणि मग सगळ्यांत मागचा टप्पा, गर्भ राहण्याच्याही आधीचा. डॉ. बानू कोयाजी यांनी केईएमचं काम रास्ता पेठेच्या भिंतींबाहेर वढूसारख्या खेड्यांत नेलं होतं. गावाशी असं नातं जुळलेल्या रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. सोबत इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल होत्या. बायका गरोदर राहण्याआधीच त्यांची मोजमापं घेतली. सरासरी वय २१, उंची १५२ सेंटिमीटर, वजन अवघं ४२ किलो. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या या बायका. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी त्यांच्या ताटाचा आणि कष्टांचा अभ्यास केला. किती उष्मांक पोटात गेले याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा लागला. जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळं लहान निघाली. ‘मूल मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल, बेतानेच खा’ असं सांगणाऱ्या घरांपर्यंत हा निष्कर्ष अजून पोचायचा आहे.

या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, साउदॅम्प्टनमधल्यांचं ३.५. स्नायू कमी, पोट लहान, पण पाठीवरची चरबी मात्र तेवढी घटलेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबी राखून असलेलं भारतीय बाळ ही संकल्पना इथून जगभर गेली, आणि मधुमेहाचं मूळ गर्भात शोधायला तिने लावलं. साधारण दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक अटकाव दिसला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मग पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ गर्भधारणेआधीपासून देऊन पाहिला. सरसकट वजन वाढलं नाही. मात्र गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आलं. गरोदरपण कळल्यावर खाणं सुधारणं चांगलंच, पण त्याआधीचे महिने फुकट घालवले तर बरीच संधी निघून जाते.

पुण्याच्या त्या सहा गावांतली मुलं सतरा-अठराची झाली तेव्हा, २०१२ साली, त्यांनाच घेऊन ‘प्रिया’ ही चाचणी सुरू झाली. त्यांना बी-१२ द्यायचं, रोज फक्त दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे आहारात असायला हवं तेवढंच, आणि मग त्यांच्या पोटी आलेल्या बाळांकडे पाहायचं. ज्या आयांना नुसतं बी-१२ मिळालं होतं त्यांची बाळं आकलनात आणि भाषेत पुढे दिसली. तपासलेल्या बाळांची संख्या लहान आहे, म्हणून हा निष्कर्ष मोठ्या चाचणीत पडताळायला हवा. पण तीन पिढ्यांचा असा सलग अभ्यास जगात दुर्मीळ आहे. तो टिकला, कारण त्या गावांतल्या बायका, आणि नंतर त्यांच्या लेकी-सुना, दरवेळी रक्त द्यायला, वजन करायला आल्या.

सरकारी केंद्रात गरोदर बाईला लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी मिळते. बी-१२ त्यात नाही. पुण्याचे निष्कर्ष समोर असताना ही गोळी बदलायची की नाही, याचा निर्णय मोठ्या चाचणीशिवाय होणार नाही, आणि ती चाचणी करण्याची सगळी तयारी याच जिल्ह्यात आहे: गावं आहेत, नोंदी आहेत, प्रशिक्षित माणसं आहेत. पैसा मात्र दहा-वीस वर्षांच्या हिशोबाने द्यावा लागेल, तीन वर्षांच्या प्रकल्पासारखा नाही. रास्ता पेठेतून १९८९ मध्ये घरी गेलेल्या बाळांची अठराव्या वर्षाची तपासणी तीन वर्षांच्या अनुदानावर झाली नसती.