गंधाची कल्पना आणि खाण्याची ओढ

जेवण होऊन तास उलटलेला असतो, पोट भरलेले असते, आणि तरीही कोणी पुरणपोळीचा विषय काढला की तुपावर खरपूस भाजल्या जाणाऱ्या पोळीचा वास नाकाशी दरवळू लागतो. प्रत्यक्षात घरात चूलही पेटलेली नसते. हा अनुभव सर्वांना सारख्याच तीव्रतेने येतो असे मात्र नाही. काहींना असा कल्पित वास अगदी खरा भासतो. काहींना पुष्कळ प्रयत्न करूनही तो आठवत नाही, पदार्थाचे रूप तेवढे डोळ्यांपुढे येते. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या भेदाचा माणसाच्या वाढत्या वजनाशी संबंध असावा, असे अलीकडील संशोधनावरून दिसू लागले आहे.

आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वस्तुतः गंधाचा असतो. पडशाने नाक चोंदले की आमटी बेचव लागते, ती याचमुळे. नाकातील गंधग्राहकांचा उलगडा लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये केला आणि त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत.

कल्पनेतल्या गंधाला मात्र या ग्राहकांची गरज भासत नाही. तरीही नाक स्वस्थ बसत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सुवासाची कल्पना करताना माणसे नकळत हवा हुंगतात, आणि दुर्गंधाच्या कल्पनेपेक्षा सुवासाच्या कल्पनेत अधिक जोराने हुंगतात. हुंगण्यास अडथळा केला, तर कल्पनेतील वासही फिका पडतो.

या विषयावरील महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील येल विद्यापीठात एमिली पर्झिक, डेना स्मॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला; तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४५ निरोगी व्यक्ती सहभागी झाल्या होत्या. त्यांना गुलाबाचा व बिस्किटांचा वास प्रत्यक्ष देण्यात आला, तसेच त्याच वासांची केवळ कल्पना करण्यास सांगण्यात आले, आणि दोन्ही वेळा मेंदूच्या चुंबकीय प्रतिमा घेण्यात आल्या. ज्यांच्या मेंदूत कल्पित वासांचे ठसे एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे ओळखता येत होते, त्यांच्या शरीरातील चरबीत पुढील वर्षभरात अधिक वाढ झालेली आढळली. प्रत्यक्ष वासाच्या ठशांचा असा कोणताही संबंध दिसला नाही. म्हणजे दोष तीक्ष्ण नाकाचा नव्हे. वास नसताना तो मनात उभा करण्याच्या क्षमतेचा येथे प्रश्न आहे. ही क्षमता जितकी अधिक, तितकी खाद्यपदार्थ दिसताच उत्पन्न होणारी ओढ प्रबळ आणि खाणेही जास्त, अशी साखळी संशोधकांनी मांडली आहे.

४५ ही संख्या लहान आहे, आणि वजन वाढण्यास आहार, श्रम, झोप, आनुवंशिकता अशी अनेक कारणे असतात, हे विसरता येणार नाही. तथापि लठ्ठ मुलाला वर्गात ‘खादाड’ म्हणून हिणविण्याची जी सवय आपल्याकडे रूढ आहे, तिचा फेरविचार करण्यास हा निष्कर्ष पुरेसा आहे. एकाच दुकानासमोरून जाणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला निग्रहासाठी दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक झगडावे लागत असेल. प्रश्न थोड्यांचा नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के व पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते.

ओढ कल्पनेवर पोसली जात असेल, तर कल्पनेला दुसऱ्या कामात गुंतविल्यास ती ओसरावी, असा तर्क निघतो. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात तो पडताळून पाहण्यात आला. तेथे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ‘टेट्रिस’ हा ठोकळे रचण्याचा खेळ अवघी ३ मिनिटे खेळल्यावर सहभागींची ओढ सौम्य झाली. याहून विलक्षण प्रयोग अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील कॅरी मोरवेज यांचा. २०१० मध्ये त्यांनी दाखवून दिले की, चॉकलेटच्या ३० गोळ्या एकेक करून खात असल्याची कल्पना ज्यांनी केली, त्यांनी नंतर समोर ठेवलेल्या वाटीतून ३ गोळ्यांची कल्पना करणाऱ्यांपेक्षा कमी गोळ्या खाल्ल्या. खाद्याची नुसती आठवण भूक चाळवते. ते मनातल्या मनात सावकाश, घास घास करून खाल्ले, तर ओढ शमू लागते.