कुत्र्या-मांजरांचे केस गळतात तेव्हा

होळी तोंडावर आली की माझ्या दवाखान्यात एकच तक्रार घेऊन माणसे येऊ लागतात. "डॉक्टर, घरभर केस झालेत. गादीवर केस, कपड्यांवर केस, परवा तर आमटीत निघाला. एखादे इंजेक्शन द्या की!" असे इंजेक्शन नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब व राठ. ते ऊन-पाऊस अडवतात. त्यांच्या मुळाशी कापसासारखी मऊ लव असते, ती थंडीत ऊब देते. थंडी सरून दिवस मोठा होऊ लागला की ही लव गळते. पावसाळा संपल्यावर पुन्हा केस बदलतात. ही वेळ शरीराला मुख्यतः उजेड किती तास मिळतो यावरून कळते. आपल्याकडे हिवाळ्यात दिवस सुमारे ११ तासांचा आणि उन्हाळ्यात १३ तासांहून थोडा मोठा, म्हणजे फरक थोडाच. त्यात घरातल्या जनावराला रात्री उशिरापर्यंत दिव्याचा उजेड. त्यामुळे त्याचे केस बारा महिने थोडे थोडे गळतात व ऋतू पालटताना अधिक.

यावर पुष्कळांना सुचणारा उपाय म्हणजे उन्हाळ्यात कुत्रे भादरणे. दवाखाना नवा होता तेव्हा मालकाच्या आग्रहाला बळी पडून मीही एक पॉमेरेनियन मशीनने साफ भादरून दिला. मालक खूश झाले. पण दिवाळी आली तरी त्याच्या पाठीवर जुने केस आले नाहीत. आले ते विरळ आणि ठिकठिकाणी. दाट लव असलेल्या जातींत असे होते, हे मला तेव्हा ठाऊक असायला हवे होते. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना काय येईल तेवढाच. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग थंड करते. केस काढल्याने त्याला गारवा मिळतो हा समज चुकीचा आहे, उलट कातडीला थेट ऊन लागते.

खरा उपाय कंगव्याचा. आखूड केसांच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा पुरे. लांब केसांच्या कुत्र्याला आणि मांजराला या दिवसांत रोज १० मिनिटे द्या. केसांच्या दिशेनेच विंचरा. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या आत जटा होतात, त्या बोटांनी हळूहळू सोडवा. कात्री लावू नका. तिथली कातडी पातळ असते आणि पटकन कापली जाते. आंघोळीच्या आधी विंचरा, कारण जट भिजली की अधिकच आवळते. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांसाठीच्या शांपूने. आपला साबण त्यांच्या कातडीला मानवत नाही, ती कोरडी पडून खाज सुटते.

मांजर स्वतःला चाटून साफ ठेवते हे खरे, पण गळलेले केसही गिळते. अधूनमधून केसांचा गोळा ओकले तर घाबरू नये. मात्र वारंवार ओकाऱ्या होऊन ते खायचे थांबले, शी झाली नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

विंचरण्याचा मोठा फायदा असा, की जनावराच्या अंगावर तुमचा हात फिरतो. कानात, मानेखाली, बोटांच्या बेचक्यांत गोचीड सापडते. गोचिडींमुळे येणाऱ्या तापाने चांगली धट्टीकट्टी कुत्री दगावतात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. काडीने चटका देऊ नका, नखाने चिरडू नका. आणि शेतात फवारायचे औषध कुत्र्याच्या अंगावर कधीही ओतू नका.

आता मांजर पाळणाऱ्यांनी नीट वाचावे. एकदा माझ्याकडे एका घरातले मांजर आले. ते थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती, थोड्या वेळाने झटके सुरू झाले. कुत्र्याच्या मानेवर गोचिडींचे औषध लावून उरलेले चार थेंब त्याच मायेने मांजरालाही लावले होते. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते चालते, पण मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. ते मांजर दोन दिवसांनी वाचले, सगळीच वाचत नाहीत. असे चुकून घडलेच तर कोमट पाण्याने व भांड्यांच्या सौम्य साबणाने ती जागा धुऊन, वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. मांजराला फिनेलचा हातही नको. फरशी फिनेलने पुसली असेल तर ती वाळेपर्यंत त्याला दूर ठेवा, पाय ओले झाले की ते चाटतेच.

सर्व अंगाचे केस सारखे विरळ होत असतील आणि खालची कातडी स्वच्छ असेल, तर ते ऋतूचे गळणे. एकाच जागी टक्कल, लाली, खपल्या, कोंडा किंवा सतत खाज असेल तर तो आजार समजावा. लूत, पिसवा, बुरशी यांपैकी काहीही असू शकते. नायटा तर मांजराच्या पिलांकडून मुलांना सहज लागतो. घरातल्या मुलाच्या हातावर गोल चट्टा दिसला, तर मुलाला त्याच्या डॉक्टरांकडे न्या आणि पिलू माझ्यासारख्याकडे.