काठी तोलासाठी, भारासाठी नव्हे

हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उठवून उभे करतात, चार पावले चालवतात, हे पाहून घरची माणसे धास्तावतात. छातीवरचे टाके अजून ओले असताना ही घाई कशासाठी, असे त्यांना वाटते. परंतु हे चालणे उपचाराचाच भाग असते. पडून राहिल्याने पायांतील शक्ती झपाट्याने ओसरते, फुफ्फुसांत कफ साठतो आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. चालणे अटळच असते. ते कोणत्या आधाराने आणि कसे करावे, एवढेच ठरवायचे असते.

बायपाससारख्या बहुतेक शस्त्रक्रियांत छातीच्या मध्यभागीचे हाड, म्हणजे उरोस्थी, उभे कापून नंतर पोलादी तारांनी बांधले जाते. मोडलेला हात प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येतो. हे हाड मात्र प्रत्येक श्वासागणिक हलते. ते सांधण्यास साधारण ६ ते ८ आठवडे आणि पुरेसे मजबूत होण्यास सुमारे ३ महिने लागतात. दंडापासून निघणारे छातीचे मोठे स्नायू याच हाडाला जोडलेले असतात. त्यामुळे हातांवर शरीराचा भार घेतला की, सांधू पाहणाऱ्या दोन कडांवर ताण येतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकरवर रेलणे योग्य ठरते. येथे नेमके तेच टाळायचे असते. आधार तोल सांभाळण्यापुरता घ्यावा, भार स्वतःच्या पायांनीच पेलावा.

कोणता आधार, कोणाला?

पूर्वी स्वतंत्रपणे चालणाऱ्या अनेकांना काठीची गरज पडत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना अशक्तपणा फार आला आहे किंवा बायपाससाठी पायातील शीर काढल्याने ज्यांचा पाय सुजला आहे, त्यांना काही दिवस आधार लागतो. तो लाजेने नाकारणे महागात पडते. पडताना माणूस नकळत दोन्ही हात टेकतो आणि तो हिसका थेट छातीच्या हाडाला बसतो.

चाके नसलेला वॉकर दर पावलाला उचलावा लागतो आणि त्यावर जोरही दिला जातो. म्हणून पुढे दोन चाके असलेला, हलक्या हाताने सरकणारा वॉकर अधिक सोयीचा. चारही पायांना चाके असतील, तर ब्रेक लावण्याचा सराव आधी करावा, नाहीतर वॉकर पुढे पळतो. काखेत धरायच्या कुबड्यांवर हात आणि खांद्यांतून मोठा भार जातो, म्हणून शल्यविशारदाने सांगितल्याखेरीज त्या वापरू नयेत.

सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, ही उंचीची सोपी खूण. उंची कमी असेल तर माणूस वाकून रेलतो, जास्त असेल तर खांदे वर चढतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि त्या पायाबरोबरच पुढे टाकावी. तिच्या टोकाचे रबर झिजले असेल तर लगेच बदलावे. कोपरे अंगालगत असावीत. नजर अंगठ्यावर खिळवू नये. ईर्यासमितीत सांगितल्याप्रमाणे चार हात पुढची भूमी पाहत चालावे.

उठताना आणि बसताना

खरी चूक बहुधा चालताना होत नाही, उठताना होते. वॉकर धरून त्यावर स्वतःला ओढून घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकावे, पावले मागे घ्यावीत, उशी छातीशी कवटाळावी आणि पुढे झुकून पायांच्या बळावर उठावे. क्षणभर तसेच उभे राहावे. रक्तदाबाच्या औषधांमुळे चक्कर येऊ शकते. मगच वॉकरला हात लावावा. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळावे.

जेवण, सामायिक, प्रतिक्रमण जमिनीवर बसून करण्याची अनेक घरांत रीत आहे. जमिनीवरून उठताना हात टेकावेच लागतात, म्हणून या काळात ते खुर्चीवर बसून करावे. शौचालयातही उंच बैठकीची सोय असावी.

घरच्यांचे हात

मायेने केलेली मदतच कधी घातक ठरते. रुग्णाला दोन्ही हात धरून ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे कटाक्षाने टाळावे. शेजारी उभे राहून कमरेला आधार द्यावा. पायपुसणी, सैल सतरंज्या, विजेच्या तारा वाटेतून काढाव्यात. न्हाणीघर कोरडे आणि रात्रीची वाट उजेडाची असावी. जिन्याच्या कठड्याला हात लावावा, पण त्याला धरून वर ओढून घेऊ नये. भरलेली बादली किंवा नातवंड उचलण्याचा आग्रह रुग्णाने धरला, तरी घरच्यांनी नम्रपणे अडवावे.

हे नियम सर्वत्र सारखेच कडक नसतात. कोपरे अंगालगत ठेवून हातांचा माफक वापर करण्यास अलीकडे अनेक ठिकाणी मुभा देतात. म्हणून घरी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना स्पष्ट विचारून घ्यावे. छातीच्या हाडात कट्‌कट् जाणवणे, जखम लाल होणे किंवा वाहणे, ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे, यांपैकी काहीही दिसले तर चालणे थांबवून डॉक्टरांशी तत्काळ संपर्क साधावा.

सुरुवातीला दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटे चालणे पुरेसे असते. चालता चालता बोलता आले पाहिजे, इतकाच वेग असावा. मग काळ हळूहळू वाढवावा. हात मुठीला जेमतेम स्पर्श करत असूनही पावले स्थिर पडू लागली की, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधार सोडून पाहण्याची वेळ आली, असे समजावे. ज्यांना गुडघ्यांसाठी काठी पूर्वीपासून लागत होती, त्यांनी ती पुढेही निःसंकोच बाळगावी.